ऑप्शन ‘रोल’ केला म्हणजे तोटा टळला का? नवख्यांसाठी स्प्रेड आणि रोलिंगचे साधे गणित

स्प्रेडमुळे जास्तीत जास्त तोटा किती हे सौदा करण्याआधीच कळते. रोलिंगमुळे मात्र हीच मर्यादा नकळत वाढू शकते. कशी, ते आकड्यांतून समजून घेऊ.

सोमवारी दुपारी पावणेतीनच्या सुमारास कॉलेजमधल्या एका मित्राचा मेसेज आला. ‘निफ्टी खाली आलाय. पुट स्प्रेड अडकलाय, उद्या एक्स्पायरी. पुढच्या आठवड्यात रोल करतो, म्हणजे तोटा बुक करावा लागणार नाही. बरोबर ना?’

मित्र इंजिनीअर आहे, गणितात माझ्यापेक्षा कायम पुढे. तरीही त्याच्या मेसेजमधला शेवटचा भाग चुकीचा होता. हा गैरसमज त्याच्या एकट्याचा नाही. ‘रोल केला की तोटा पुढे ढकलला जातो’ असे अनेक नवखे ट्रेडर धरून चालतात.

ट्रेडिंग ॲप उघडल्यावर येणारी एक चौकट आठवते का? इक्विटी एफ अँड ओमध्ये दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात जातात, असे त्यात लिहिलेले असते. आपण ‘समजले’ दाबून पुढे जातो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला. एकत्रित तोटा होता १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. जुलै २०२५ मध्ये आलेल्या पुढच्या अभ्यासात २०२४-२५ चे चित्र होते : ९१ टक्के तोट्यात आणि निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी रुपये. आदल्या वर्षी हाच आकडा ७४,८१२ कोटी होता.

त्यामुळे स्प्रेड आणि रोल हे दोन शब्द नीट समजून घेणे गरजेचे आहे. खालील सर्व उदाहरणांत निफ्टीची पातळी आणि प्रीमियम समजायला सोपे जावेत म्हणून गोल आकड्यांत घेतले आहेत. लॉट ६५ चा धरला आहे.

आधी उजळणी : कॉल आणि पुट म्हणजे काय?

जमिनीच्या व्यवहारात आपण इसार देतो. ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीत जमीन घेण्याचा हक्क त्यातून मिळतो. व्यवहार पूर्ण केला नाही, तर इसार बुडतो. कॉल ऑप्शन साधारण असाच आहे. ठरलेला भाव म्हणजे ‘स्ट्राइक’, मुदत म्हणजे ‘एक्स्पायरी’ आणि इसार म्हणजे ‘प्रीमियम’.

पुट ऑप्शन विम्यासारखा असतो. भाव पडला तरी ठरलेल्या किमतीला विकण्याचा हक्क त्यातून मिळतो. भाव पडला नाही, तर विम्याचा हप्ता गेला.

ऑप्शन घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरताच असतो. विकणाऱ्याला प्रीमियम हातात मिळतो, पण बाजार उलटला तर त्याचा तोटा कितीही वाढू शकतो. विमा कंपनीने एक हप्ता घेऊन अख्ख्या घराची जबाबदारी उचलावी, तसे हे आहे.

मग स्प्रेड म्हणजे काय?

एकाच वेळी एक ऑप्शन घ्यायचा आणि त्याच प्रकारचा, त्याच एक्स्पायरीचा, पण वेगळ्या स्ट्राइकचा दुसरा विकायचा. या जोडीला ‘व्हर्टिकल स्प्रेड’ म्हणतात. जोडीतल्या प्रत्येक ऑप्शनला ‘लेग’ म्हणतात.

समजा निफ्टी २५,००० वर आहे आणि येत्या आठवड्यात तो थोडा वर जाईल, असे तुम्हाला वाटते. तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत.

पर्याय १ : २५,००० चा कॉल १६० रुपयांना घ्यायचा. खर्च १६० × ६५ = १०,४०० रुपये.

पर्याय २ : २५,००० चा कॉल १६० ला घ्यायचा आणि २५,२०० चा कॉल ८० ला विकायचा. निव्वळ खर्च ८० × ६५ = ५,२०० रुपये. हा झाला ‘बुल कॉल स्प्रेड’.

एक्स्पायरीला निफ्टी कुठे बंद झाला, यावर निकाल असा लागेल :

• २४,९०० : नुसत्या कॉलमध्ये १०,४०० तोटा, स्प्रेडमध्ये ५,२०० तोटा
• २५,१०० : नुसत्या कॉलमध्ये ३,९०० तोटा, स्प्रेडमध्ये १,३०० नफा
• २५,२०० : नुसत्या कॉलमध्ये २,६०० नफा, स्प्रेडमध्ये ७,८०० नफा
• २५,५०० : नुसत्या कॉलमध्ये २२,१०० नफा, स्प्रेडमध्ये ७,८०० नफाच

दुसरी ओळ पुन्हा वाचा. निफ्टी १०० अंश वर गेला, तुमचा अंदाज बरोबर ठरला, तरी नुसता कॉल घेणारा तोट्यात गेला. स्प्रेडमध्ये ना नफा ना तोट्याची पातळी २५,१६० वरून २५,०८० वर येते. त्याबदल्यात २५,२०० च्या वरचा सगळा नफा सोडावा लागतो. थोडक्यात, मोठ्या तेजीची आशा विकून तुम्ही खर्च निम्म्यावर आणता.

बाजार पडेल असे वाटत असेल, तर हेच पुटमध्ये करता येते. वरच्या स्ट्राइकचा पुट घ्यायचा आणि खालचा विकायचा. त्याला ‘बेअर पुट स्प्रेड’ म्हणतात. या दोन्हींत सुरुवातीला खिशातून पैसे जातात, म्हणून हे ‘डेबिट स्प्रेड’.

क्रेडिट स्प्रेडमध्ये नवखे का अडकतात?

क्रेडिट स्प्रेडमध्ये आधी पैसे हातात येतात. माझ्या मित्राने हाच घेतला होता. निफ्टी २५,००० वर असताना त्याने :

• २४,८०० चा पुट ९० रुपयांना विकला
• २४,६०० चा पुट ४५ रुपयांना घेतला
• हातात आले ४५ × ६५ = २,९२५ रुपये

निफ्टी २४,८०० च्या वर राहिला, तर हे २,९२५ रुपये त्याचे. तो २४,६०० च्या खाली गेला, तर तोटा (२०० − ४५) × ६५ = १०,०७५ रुपये. कितीही पडला तरी त्याहून जास्त नाही.

हा ४५ रुपयांचा खालचा पुट वाया जातो, असे अनेकांना वाटते. ‘तो नसता घेतला तर ५,८५० मिळाले असते’ हा हिशेब ग्रुपवर हमखास दिसतो. ४ जून २०२४ चा दिवस आठवा. लोकसभा निकालाच्या त्या दिवशी निफ्टी १,३७९ अंशांनी, म्हणजे सुमारे ५.९ टक्क्यांनी कोसळला होता. आपल्या उदाहरणात निफ्टी २४,००० वर गेला, तर खालचा पुट न घेणाऱ्याचा तोटा ४६,१५० रुपये होतो. स्प्रेड घेणाऱ्याचा १०,०७५ वरच थांबतो. तो पुट म्हणजे विकणाऱ्याने स्वतःसाठी घेतलेला विमा आहे. त्यामुळे मार्जिनही बरेच कमी लागते.

तरीही दुसरी बाजू लक्षात ठेवा. २,९२५ मिळवण्यासाठी १०,०७५ पणाला लागले आहेत. लागोपाठ तीन आठवडे जिंकून चौथ्या आठवड्यात पूर्ण तोटा झाला, तर एकूण हिशेब उणेच राहतो.

रोल करणे म्हणजे नेमके काय?

महिनाअखेरीच्या बाजाराच्या बातम्यांत ‘रोलओव्हर’ची टक्केवारी येते. ती फ्युचर्सची असते. चालू महिन्याचे सौदे बंद करून पुढच्या महिन्यात किती नेले, ते त्यातून कळते. ऑप्शनमधला रोल तत्त्वतः तोच. जुना सौदा बंद करायचा आणि त्याच वेळी नवा उघडायचा. नव्या सौद्याची एक्स्पायरी पुढची असू शकते, स्ट्राइक वेगळा असू शकतो किंवा दोन्ही.

गावाकडे सोसायटीचे पीककर्ज ‘नवं-जुनं’ करतात. मार्चअखेरीस जुने कर्ज भरल्याचे दाखवायचे आणि लगेच नवे उचलायचे. कागदावर जुने खाते बंद होते, तारीख पुढे जाते. पण कर्ज फिटले असे घरातले कुणीच म्हणत नाही. रोलिंगही असेच नवं-जुनं आहे.

रोल केल्यावर ब्रोकरच्या ॲपमध्ये ‘पी अँड एल’ उघडून बघा. जुन्या सौद्याचा तोटा ‘रिअलाइज्ड’ रकान्यात, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या तोट्यात दिसेल. तोटा तिथेच बुक झाला. पुढे सुरू झाला तो नवा सौदा.

आकड्यांत बघू : रोल केल्यावर काय बदलते?

एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी निफ्टी २४,७०० वर आला. विकलेला २४,८०० चा पुट आता १५० रुपयांना आहे, घेतलेला २४,६०० चा ५० ला. स्प्रेड बंद करायला १०० रुपये लागतील. मिळाले होते ४५. म्हणजे तोटा ५५ × ६५ = ३,५७५ रुपये.

मित्राचा बेत होता पुढच्या आठवड्यात, आणखी खालच्या स्ट्राइकवर जाण्याचा. २४,६०० चा पुट विकायचा, २४,४०० चा घ्यायचा आणि त्यातून ७० रुपये मिळवायचे. आता पूर्ण हिशेब मांडू. मिळाले ४५, दिले १००, पुन्हा मिळाले ७०. हातात उरले १५.

• रोलआधी : जास्तीत जास्त नफा २,९२५, जास्तीत जास्त तोटा १०,०७५
• रोलनंतर : जास्तीत जास्त नफा ९७५, जास्तीत जास्त तोटा १२,०२५

रोलने काहीच मिळत नाही, असे नाही. एक आठवडा जादा मिळाला. ना नफा ना तोट्याची पातळी २४,७५५ वरून २४,५८५ वर आली. निफ्टी २४,७०० वर असताना हा मोठा दिलासा आहे. पण त्याची किंमत मोजावी लागली : नफ्याची मर्यादा दोन तृतीयांशाने कमी झाली आणि तोट्याची मर्यादा १,९५० रुपयांनी वाढली.

म्हणून रोल करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : आज माझ्याकडे कोणताही सौदा नसता, तर हा नवा सौदा मी घेतला असता का? इथे नवा सौदा काय आहे? मिळाले तर ७० × ६५ = ४,५५० रुपये. गेले तर १३० × ६५ = ८,४५० रुपये. घसरत्या बाजारात, नव्याने विचार करून तुम्ही हा घेतला असता, तर रोल करा. ‘आधीचे ३,५७५ भरून काढायचेत’ हे एकच कारण असेल, तर थांबा. निफ्टीला तुमच्या ३,५७५ रुपयांशी काही देणेघेणे नाही.

लॉट दुप्पट करून रोल : इथे सर्वात जास्त जपा

वरच्या रोलमध्ये १०० देऊन ७० मिळत होते, म्हणजे खिशातून ३० जात होते. ‘रोल नेहमी क्रेडिटमध्येच करा’ हा सल्ला ऐकलेले अनेक जण मग लॉट दुप्पट करतात. दोन लॉटचे १४० मिळतात, १०० जातात आणि स्क्रीनवर ४० रुपयांचे क्रेडिट दिसते. बरे वाटते.

आता मर्यादा पाहा. जास्तीत जास्त नफा (४५ − १०० + १४०) × ६५ = ५,५२५ रुपये. जास्तीत जास्त तोटा (४०० − ८५) × ६५ = २०,४७५ रुपये. सुरुवातीला १०,०७५ च्या वर जायचे नाही, असे ठरवून जो स्प्रेड घेतला होता, तो एका रोलमध्ये दुपटीच्या पुढे गेला. आणखी एकदा असेच केले, तर स्प्रेड घेण्याचा मूळ हेतूच उरत नाही.

प्रत्येक स्प्रेडची मर्यादा पक्की असते, पण रोलच्या साखळीला मर्यादा नसते. ती तुम्हालाच घालावी लागते.

खर्च किती लागतो?

एका स्प्रेडमध्ये शिरायला दोन ऑर्डर लागतात. रोल करायला चार : दोन जुन्या बंद करायला, दोन नव्या उघडायला. अनेक डिस्काउंट ब्रोकर दर ऑर्डरला २० रुपये घेतात. सहा ऑर्डरचे १२० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे १४२ रुपये झाले. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यांतल्या फटीत प्रत्येक ऑर्डरमागे एक रुपया गेला, तर आणखी ३९० रुपये. म्हणजे रोलनंतर ९७५ रुपयांचा जो जास्तीत जास्त नफा दिसत होता, त्यातले ५३२ इथेच संपले.

एसटीटी, एक्स्चेंजचे शुल्क आणि मुद्रांक शुल्क अजून धरलेलेच नाही. ऑप्शन विक्रीवरचा एसटीटी १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रीमियमच्या ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्का करण्यात आला होता. असे दर बदलत असतात. सौद्याआधी ब्रोकरच्या कॅल्क्युलेटरवर ताजा खर्च बघून घ्या.

भारतातले कोणते नियम माहीत हवेत?

एक्स्पायरी आणि लॉट : सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारऐवजी मंगळवारी असते. लॉट नोव्हेंबर २०२४ पूर्वी २५ होता, मग ७५ झाला आणि जानेवारी २०२६ च्या करारांपासून ६५ आहे. जुन्या व्हिडिओतले हिशेब जसेच्या तसे वापरू नका.

एक्स्पायरीच्या दिवसाचे मार्जिन : आजच्या आणि पुढच्या एक्स्पायरीचे सौदे एकमेकांना आधार देत असतील, तर मार्जिनमध्ये सवलत मिळते. सेबीच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२५ पासून एक्स्पायरीच्या दिवशी, त्या दिवशी संपणाऱ्या करारासाठी ही सवलत मिळत नाही. त्यामुळे रोल शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

शेअरचे ऑप्शन वेगळे : निफ्टीच्या ऑप्शनमध्ये फक्त पैशांची देवघेव होते. शेअरच्या ऑप्शनमध्ये मात्र एक्स्पायरीला प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात. समजा शेअरमध्ये बुल कॉल स्प्रेड आहे आणि भाव दोन स्ट्राइकच्या मधोमध बंद झाला. मग घेतलेला कॉल लागू होतो, विकलेला शून्य होतो आणि तुम्हाला अख्ख्या लॉटचे शेअर पूर्ण पैसे देऊन घ्यावे लागतात. काही हजारांच्या स्प्रेडसाठी काही लाखांची सोय करावी लागते. म्हणून शेअरमधले स्प्रेड एक्स्पायरीआधीच बंद करणे शहाणपणाचे.

अमेरिकी व्हिडिओ बघताना : तिथे शेअरचा ऑप्शन घेणारा मुदतीआधीही हक्क बजावू शकतो. आपल्याकडचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, हक्क फक्त एक्स्पायरीलाच बजावता येतो. ‘अचानक असाइनमेंट आली’ ही तिथली भीती इथे एक्स्पायरीआधी लागू होत नाही.

ऑर्डरचा क्रम काय असावा?

शिरताना आधी घ्यायचा लेग, मग विकायचा. बाहेर पडताना आधी विकलेला परत घ्यायचा, मग घेतलेला विकायचा. उलट केले तर मधल्या काही क्षणांत तुमचा विकलेला ऑप्शन उघडा पडतो आणि एकदम मोठे मार्जिन मागितले जाते. बहुतेक ॲपमध्ये ‘बास्केट ऑर्डर’ची सोय असते, तिच्यात हा क्रम आधीच लावता येतो. मार्केट ऑर्डरऐवजी लिमिट ऑर्डर वापरा.

मग रोल कधी करावा?

• हातातल्या शेअरना विमा म्हणून पुट घेतला असेल आणि गरज अजून संपली नसेल, तेव्हा. विम्याचे नूतनीकरण करतो तसेच हे.
• सौदा नफ्यात असेल आणि नफा काढून घेऊन वरच्या स्ट्राइकवर कमी पैशांत टिकून राहायचे असेल, तेव्हा.
• बाजाराबद्दलचा अंदाज कायम असेल, फक्त वेळ चुकली असेल आणि नवा सौदा स्वतंत्रपणे पटत असेल, तेव्हा.

आणि रोल करायचाच, तर तीन गोष्टी आधी वहीत लिहा : साखळीचा एकूण जास्तीत जास्त तोटा, जास्तीत जास्त किती वेळा रोल करणार आणि लॉट वाढवणार नाही ही अट. सौदा अडकल्यावर डोके शांत राहत नाही, म्हणून हे स्प्रेड घेण्याआधीच लिहिलेले बरे.

मित्राने काय केले?

हिशेब पाठवल्यावर त्याने सौदा बंद केला. ३,५७५ रुपये गेले. पुढच्या मंगळवारी निफ्टी वर बंद झाला आणि त्याचा पुन्हा मेसेज आला : ‘रोल केला असता तर वाचलो असतो.’ खरे आहे, तो वाचला असता. पण ४,५५० साठी ८,४५० लावायचे का, हे त्याला सोमवारी ठरवायचे होते आणि मंगळवारचा निकाल तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. पुढचा स्प्रेड त्याने अजून घेतलेला नाही. सध्या तो कागदावर सौदे लिहून बघतोय. नवख्या माणसाला याहून स्वस्त शिकवणी मिळणार नाही.

*(हा लेख केवळ माहितीसाठी आहे. यात कोणत्याही सौद्याची शिफारस नाही. गुंतवणुकीपूर्वी सेबी नोंदणीकृत सल्लागाराशी बोला.)*